नफील रोजा मोडला तर भरून द्यायचा? मग तो ऐच्छिक कसला?

महालवाला_पोट्टा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा हटके आहे, कोणाला टोचायचा हेतू नाही, खरंच समजून घ्यायचं आहे म्हणून विचारून राहिलो. मिहानमधल्या आमच्या ऑफिसात दोन मुस्लिम मित्र आहेत, एक मोमिनपुऱ्याचा अन् एक रत्नागिरीकडचा. ईद होऊन गेल्यावर एका सकाळी आम्ही सगळे तर्री पोहे खायला निघालो तर मोमिनपुऱ्याचा म्हणे तुम्ही जा, माझा रोजा आहे. मी म्हटलं अबे ईद झाली ना, आता काऊन रोजा? तर म्हणे शव्वालच्या महिन्यात सहा रोजे असतात, ठेवले तर चांगलं, नाही ठेवले तर काही नाही. रत्नागिरीवाला मात्र आमच्यासंगं बसून मस्त पोहे हाणून राहिला होता, त्यालाही काही वाटत नव्हतं.

आता खरी गंमत दुपारी. आमच्या एक सिनिअर मॅडम रिटायर होऊन राहिल्या होत्या, त्यांनी सगळ्यांसाठी संत्रा बर्फी आणली, एकेकाच्या टेबलाशी जाऊन स्वतः हातावर ठेवत होत्या. मोमिनपुऱ्याच्यानं दोन सेकंद बर्फीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं अन् गुपचाप तोंडात टाकली. त्या पुढे गेल्यावर मला हळूच म्हणे, हा रोजा आता कजा करावा लागेल, म्हणजे नंतर एक दिवस भरून द्यावा लागेल. तिकडून रत्नागिरीवाला म्हणे, आमच्यात नाही लागत. मग दोघांची कँटीनमध्ये जी जुंपली की विचारू नका, फर्ज, वाजिब, सुन्नत, मुस्तहब, असे शब्द येऊन राहिले अन् मी मधात बसून चहा पिऊन राहिलो.

तर माझे प्रश्न असे. जी गोष्ट ऐच्छिक आहे ती मोडली तर भरपाई कशाची? दुसरं, ही जी उतरंड आहे ती कोणी नीट सांगेल का? तिसरं, ते 'मुबाह' का काय म्हणतात, म्हणजे केलं तर पुण्य नाही, नाही केलं तर पाप नाही, मग असल्या गोष्टीला धर्मशास्त्रात खाना ठेवायची गरजच काय? अन् एक शेवटचं, मित्राच्या घरी भिंतीवर नमाजचा तक्ता होता, त्यात इशाच्या (रात्रीच्या नमाजच्या) पुढं १७ रकात (रकात म्हणजे नमाजचा एक फेरा) लिहिलं होतं, अन् त्याचे अब्बा म्हणे दिवसभराच्या फर्ज रकाती १७. मग बाकीच्या चार नमाजांचं काय झालं?

मोमिनपुरा_लायब्ररी:
भाऊ सगळ्यात आधी तक्त्याचं सांगतो, ते सोपं आहे. फजर २, जुहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४, बेरीज केली की १७, हे झाले दिवसभराचे फर्ज. आणि एकट्या इशाचे जे १७ लिहिलेले असतात त्यात फर्ज फक्त ४ आहेत, त्याच्या आधी ४ सुन्नत, नंतर २ सुन्नत, मग २ नफील, मग ३ वित्र आणि पुन्हा २ नफील. दोन्हीकडे १७ येतं हा योगायोग. आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या इशाच्या ओळीतच आहे, कारण एकाच नमाजच्या वेळेत पाच वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी बसल्यात.

४ फर्ज सोडले तर गुन्हा. ३ वित्र आपल्या इकडे, म्हणजे हनफी मजहबमध्ये (मजहब म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा), वाजिब आहेत, म्हणजे फर्जच्या एक पायरी खाली पण सोडायचे नाहीतच. फर्जनंतरचे २ हे सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे पैगंबर साहेबांनी ते नेमानं केले, क्वचितच सोडले, म्हणून सवय लावून सोडणाऱ्याला ठपका आहे, एखाद्या दिवशी राहिले तर तसा नाही. आधीचे ४ हे गैर-मुअक्कदा, कधी केले कधी नाही, केले तर सवाब (पुण्य), नाही तर कोणी विचारणार नाही. आणि नफील तर पूर्ण तुमच्या मर्जीवर. दिवसभरात असे मुअक्कदा सुन्नत १२ होतात, फजरच्या आधी २, जुहरच्या आधी ४ नंतर २, मगरिबनंतर २, इशानंतर २. यातही फजरचे २ सगळ्यात भारी. ऑफिसात मित्र पाच-सात मिनिटांत नमाज उरकून येतो आणि घरी त्याच नमाजला वीस मिनिटं लावतो ना, ते याच्यामुळे, तिकडे फर्ज करून आला आणि इकडे सगळं केलं.

एवढं झालं की खालची बाजू पण बघा. मकरूह म्हणजे नापसंत, त्यातही दोन, तहरीमी जे हरामच्या दारात उभं आहे आणि तंजीही जे टाळलं तर बरं. आणि सगळ्यात शेवटी हराम. बाकी उसूलच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या तत्त्वांच्या, पुस्तकांत पाचच खाने सांगतात, वाजिब, मंदूब (म्हणजेच मुस्तहब, केलं तर चांगलं), मुबाह, मकरूह, हराम. हनफी लोकांनी फर्ज आणि वाजिब वेगळे काढले, मकरूहचे दोन केले म्हणून आमच्याकडे खाने वाढले. वेगळे का काढले, तर पुराव्याच्या जोरावरून. कुराणच्या स्पष्ट आयतीनं किंवा तशाच पक्क्या रिवायतीनं (पैगंबर साहेबांबद्दलच्या नोंदीनं) जे ठरलं, ज्यात शंकेला जागाच नाही, ते फर्ज, आणि ते नाकारणारा धर्माच्या बाहेर जातो. हुकूम सक्तीचाच आहे पण पुरावा शंभर टक्के नाही, एखाद-दुसऱ्या रिवायतीवर उभा आहे, तर ते वाजिब. ते नाकारणारा चुकतोय, गुनहगार आहे, पण त्याला काफिर म्हणायचं नाही. मला विचाराल तर हा लय मोठा फरक आहे, कारण याच्यात माणसाला बाहेर काढायच्या आधी शंभरदा पुरावा तपासायची सवय लागते. आमच्या मोहल्ल्यात काही लोकांना ही सवय नाही ती गोष्ट वेगळी.

आता बर्फी. तुमच्या मित्रानं केलं ते बरोबर केलं, आमच्याकडे नफील रोजा कारणासाठी मोडता येतो आणि समोरच्याचं मन राखणं हे कारण धरलं जातं. पण मोडला तर कजा वाजिब. आधार कुराणची सूरह मुहम्मदमधली आयत आहे, ४७:३३, आपली कामं बातिल करू नका, वाया घालवू नका. म्हणजे सुरू करेपर्यंत तुमची मर्जी, पण नियत करून एकदा अल्लाहच्या नावानं सुरू केलं की ते तुम्ही स्वतःवर लादून घेतलं. पंगतीला बसायचं की नाही हे आपल्या हातात, पण पान वाढल्यावर उठून जायचं नाही, तसं काहीसं.

रत्नागिरी_टू_नागपूर:
वरच्या भावांनी छान लिहिलंय, पण पंगतीवरून उठायला आमच्याकडे परवानगी आहे हो :) मी पण कोकणातला, लग्न होऊन नागपुरात आलो (हो, मीच आलो, बायको आली नाही) त्यामुळे तुमच्या ऑफिसमधलं भांडण आमच्या घरात दर महिन्याला होतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. अरबी व्यापारी समुद्रातून आले त्यांच्याबरोबर शाफई मजहब किनाऱ्यावर आला, केरळातही तेच, आणि आत उत्तरेकडून जो इस्लाम आला तो हनफी. इमाम अबू हनीफा गेले ७६७ साली आणि इमाम शाफई जन्मले त्याच वर्षी, ८२० ला गेले. तर आमच्याकडे नफील रोजा ठेवणारा स्वतःचा मालक असतो, पूर्ण करायचा तर कर, मोडायचा तर मोड, कजा केली तर चांगलं पण सक्ती नाही. याला आधार आहे की हजरत आयशा सांगतात, पैगंबर साहेब एकदा घरी आले, रोजा होता, घरात कोणीतरी हैस पाठवलं होतं, म्हणजे खजूर, तूप वगैरेचा गोड पदार्थ, तर म्हणाले दाखव, सकाळी माझा रोजा होता, आणि खाल्लं. हे सही मुस्लिम या हदीसच्या (पैगंबर साहेबांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींच्या) संग्रहात आहे. हनफी म्हणतात हो खाल्लं पण त्यात कजा केली नाही असं कुठं लिहिलंय, आम्ही म्हणतो केली असंही कुठं लिहिलंय, झालं, हजार-बाराशे वर्षं हेच चालू आहे आणि दोघं एकमेकांच्या मागे नमाज पढतात.

पण एका जागी आम्हीपण पंगतीवरून उठत नाही, नफील हज किंवा उमराह (मक्केची छोटी यात्रा). एकदा एहराम (यात्रेचा नेम आणि वेष) बांधला की पूर्ण करायचाच, तिथं सगळ्यांचं एकमत.

वित्रचं पण तसंच, तुमच्याकडे वाजिब, आमच्याकडे सुन्नत, आणि मजा म्हणजे अबू हनीफांचे स्वतःचे दोन पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, ते पण सुन्नतच म्हणतात. बकरी ईदची कुर्बानी, तुमच्याकडे ऐपत असेल त्याच्यावर वाजिब, आमच्याकडे सुन्नत-ए-मुअक्कदा. आणि खाण्यात कोळंबी, जिच्यावरून माझ्या सासरी मला अजून संशयानं बघतात. हनफींमध्ये समुद्रातलं फक्त मासा हलाल, मग कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्यात्यांच्यात दोन मतं, काही खातात काही टाळतात. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. नागपुरात कोळंबी मिळते तशी, पण तिला कोळंबी म्हणायचं की आठवण एवढंच ठरवायचं राहतं.

प्रश्नचिन्ह_७:
म्हणजे थोडक्यात, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत प्रत्येक गोष्टीला एक लेबल. दात घासले लेबल, डाव्या पायानं आत गेले लेबल. माणसाला श्वास घ्यायला जागा कुठे? मी सगळ्याच धर्मांबद्दल बोलून राहिलो, कोणी मनाला लावून घेऊ नका.

मोमिनपुरा_लायब्ररी:
मनाला नाही लावलं भाऊ, पण तुम्ही उलटं पाहून राहिले. लेबल लावायचं म्हणजे बांधायचं असं तुम्ही धरलं, तर या पाच खान्यांत सक्तीचे फक्त दोन, पहिला आणि शेवटचा. मधले तिन्ही सुटे. आणि मधलाच खाना, मुबाह, तो सगळ्यात मोठा. कायदा असा आहे की चीजवस्तूंमध्ये मूळ स्थिती परवानगीची, मनाई करायची तर पुरावा आणा. सूरह बकरामध्ये आहे, जमिनीवर जे जे आहे ते सगळं तुमच्यासाठी निर्माण केलं, २:२९, त्याच्यावरून हे काढतात. इबादतीत (उपासनेत) मात्र उलटं, तिथं मनानं नवीन काही घुसवायचं नाही. म्हणजे संत्रा बर्फी खावी की नको, निळा शर्ट घालावा की पांढरा, सीताबर्डीला मेट्रोनं जावं की ऑटोनं, याला कोणाला विचारायची गरज नाही, आणि कोणी येऊन हे हराम आहे म्हणाला तर पुरावा त्यानं द्यायचा, तुम्ही नाही.

आता महालवाल्या भाऊचा तिसरा प्रश्न, असल्या गोष्टीला खाना ठेवायची गरज काय. हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी एकानं विचारला होता बरं का. अबुल कासिम काबी म्हणून मुअतजिला विचारसरणीचे मोठे विद्वान, ९३१ च्या सुमारास गेले, ते म्हणायचे मुबाह नावाचं काही नाहीच. कसं, तर तुम्ही चहा पिऊन राहिले त्या वेळेला तुम्ही चोरी करत नाही, खोटं बोलत नाही, म्हणजे हराम सोडून राहिले, हराम सोडणं वाजिब, म्हणून चहा पिणं पण वाजिब! ऐकायला एकदम फिट बसतं. पण इमाम गजाली (गेले ११११ साली) आणि बाकीच्यांनी धरलं, की हराम सोडायला चहाच कशाला पाहिजे, झोपूनही सुटतं, नमाज पढूनही सुटतं, मग चहा वाजिब कसा ठरला? आणि तुमच्याच हिशोबानं चालायचं तर चोर चोरी करताना शिवीगाळ करत नाही, मग शिवी टाळली म्हणून चोरी पण वाजिब म्हणायची का? इथं काबी अडकतात. मला हा वाद फार आवडतो, कारण यात पणाला काय लागलंय बघा, माणसाच्या आयुष्यात अशी जागा आहे की नाही जिथं देव काहीच मागत नाही. काबी म्हणे नाही, बहुतेक सगळे उलेमा म्हणाले आहे.

आता दात घासायचं तुम्ही थट्टेत बोलले पण नेमकं तेच उदाहरण पुस्तकांत देतात. हदीस आहे, माझ्या उम्मतला (अनुयायांना) जड जाईल असं वाटलं नसतं तर प्रत्येक नमाजला मिसवाक (दातण) करायचा हुकूमच दिला असता. म्हणजे गोष्ट आवडती, पण हुकूम मुद्दाम दिला नाही. तरावीहचं, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजचं, पण तेच. पैगंबर साहेब रमजानमध्ये काही रात्री मशिदीत पढले, लोक मागे जमत गेले, रोज गर्दी वाढत गेली, आणि मग एका रात्री ते बाहेर आलेच नाहीत. सकाळी सांगितलं, तुम्ही आलात हे माहीत होतं, पण हे तुमच्यावर फर्ज होऊन जाईल अशी मला भीती वाटली. हजचं पण, एकजण विचारून राहिला, दरवर्षी का? दरवर्षी का? तीनदा विचारल्यावर उत्तर मिळालं, मी हो म्हटलं असतं तर वाजिब झालं असतं आणि तुम्हाला झेपलं नसतं. थोडक्यात सांगायचं तर ही उतरंड लोकांना जास्त बांधायला नाही, चांगल्या गोष्टीला सक्तीच्या खान्यात ढकलायची जी लोकांना हौस असते तिला आवर घालायला आहे. निदान मी तरी असं वाचतो.

संस्कृत_मास्तर_निवृत्त:
चर्चा वाचून आनंद झाला. आमच्या मीमांसेतही नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध अशी कर्मांची वाटणी आहे. नित्य म्हणजे संध्या वगैरे, केल्याने विशेष फळ नाही पण न केल्यास दोष. काम्य म्हणजे फळ हवे असेल तर करा. मात्र वरच्या 'मुस्तहब'ला आमच्यात नेमका जोड मिळत नाही असे वाटते, कारण काम्य कर्म हे इच्छेपोटी असते, आणि तुम्ही सांगता ते इच्छा नसतानाही चांगलेच आहे. एक शंका. तुमच्यात कर्तव्य हे ऐच्छिकापेक्षा नेहमीच श्रेष्ठ धरतात काय?

मोमिनपुरा_लायब्ररी:
सर नमस्कार. सर्वसाधारण नियम हो, फर्ज श्रेष्ठच, बुखारीच्या संग्रहात हदीस आहे, अल्लाह म्हणतो की बंदा ज्या गोष्टींनी माझ्या जवळ येतो त्यात मी फर्ज केलेल्यापेक्षा लाडकं काही नाही, आणि मग नफीलनं तो आणखी जवळ येत राहतो. पण उलेमांनी याला काही अपवाद काढलेत. सलाम करणं सुन्नत, त्याला उत्तर देणं वाजिब, तरी पहिल्यांदा सलाम करणाऱ्याचा सवाब जास्त सांगतात. दुसरा अपवाद उधारीचा. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत देणं बंधनकारक, कुराण २:२८०, आणि तिथंच पुढं म्हटलंय की माफच करून टाकलं तर तुमच्यासाठी अधिक चांगलं. मुदत देणं सक्तीचं, माफ करणं ऐच्छिक, पण मोठं ऐच्छिक. माझं इतवारीला छोटं दुकान आहे, उधारीच्या वहीत हा मसला रोज समोर येतो, अन् खरं सांगतो मुदतीपर्यंतच पोचतो मी.

काळाकोट_सिव्हिललाइन्स:
या पाच खान्यांचा आपल्या सुप्रीम कोर्टाशी आणि आपल्या नागपूरशी संबंध आहे हे कोणी सांगितलंच नाही म्हणून लिहून राहिलो. २२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो खटला, तीन तलाकचा, ३ विरुद्ध २ असा निकाल लागला. त्यात न्या. नरीमन यांच्या निकालपत्रात हीच पाच दर्जांची यादी आहे, फर्ज-वाजिब पहिला, मग मसनून-मंदूब-मुस्तहब, मग जाइज किंवा मुबाह, मग मकरूह, मग हराम. त्यांनी विचारलं की एका दमात दिलेला तलाक यात कुठे बसतो, पहिल्या दर्जात तर नक्कीच नाही, फार तर तिसऱ्यात, खरं तर चौथ्यातच. खुद्द हनफी ग्रंथ म्हणतात असा तलाक लागू होतो पण देणारा पापी. मग जी गोष्ट धर्मानंच नापसंत ठरवली तिला धर्माचा अत्यावश्यक भाग कसं म्हणायचं, असा तो युक्तिवाद. बघा, शेकडो वर्षांपूर्वी मदरशात बसून केलेली वर्गवारी, तिच्या जोरावर घटनापीठात एक मुद्दा उभा राहिला.

आणि नागपूर कुठं आलं, तर ती यादी ज्या पुस्तकातून घेतली ते डी. एफ. मुल्ला यांचं मुस्लिम कायद्यावरचं जुनं पुस्तक, त्याच्या आवृत्तीला प्रस्तावना न्या. हिदायतुल्ला यांची. ते मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथंच वकिली केली, १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, पुढं १९६८ ते १९७० देशाचे सरन्यायाधीश आणि नंतर उपराष्ट्रपती. आमच्या बारमध्ये जुने लोक त्यांचं नाव अजून मानानं घेतात.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, कोर्ट याच्यातून काय उचलतं आणि श्रद्धाळू माणूस काय उचलतो यात फरक आहे. 'मुस्तहब आहे म्हणजे अत्यावश्यक नाही, म्हणजे काढून टाकली तरी चालते' असं जर कोणी सरसकट म्हणायला लागलं तर मला ते पटत नाही. ज्याच्यासाठी फजरच्या आधीच्या दोन रकाती आयुष्यभराचा नेम आहे त्याला त्या ऐच्छिक वाटत नसतात.

प्रश्नचिन्ह_७:
वकीलसाहेबांचा शेवटचा मुद्दा मान्य. पण मग मोमिनपुरावाले म्हणतात ते आणि हे एकमेकांच्या विरुद्ध जात नाही का? एकीकडे ऐच्छिक ते ऐच्छिकच ठेवा, दुसरीकडे ऐच्छिकाला कमी लेखू नका.

मोमिनपुरा_लायब्ररी:
नाही जात. स्वतःवर घ्या ना वाटेल तेवढं, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका एवढंच. आणि ग्रानाडाचे इमाम शातिबी, १३८८ ला गेले, त्यांनी ही गाठ चांगली सोडवलीय. ते म्हणतात एक एक वेळ धरली तर गोष्ट ऐच्छिक असते पण सगळी मिळून धरली तर तिचा दर्जा बदलतो. खाणंपिणं, व्यापार, लग्न, आज नाही केलं तरी चालतं, पण सगळ्यांनी कायमचं सोडलं तर जग थांबेल, म्हणून एकत्रात ते सक्तीचंच. उलट बागेत फिरणं, गाणं ऐकणं हे त्यांच्या लेखी कधीमधी मुबाह, पण माणूस रोज सकाळ-संध्याकाळ तेच करत बसला तर नापसंत. लग्नाचं तर हनफी पुस्तकांत एकाच कामाला सगळे दर्जे दिलेत, सर्वसाधारण माणसाला सुन्नत, पाय घसरायची भीती असेल तर वाजिब, बायकोवर अन्याय होईल अशी भीती असेल तर मकरूह, आणि अन्याय करणारच याची खात्री असेल तर हराम. काम तेच, माणूस बदलला की खाना बदलला.

नागपुरी उदाहरण पाहिजे तर, तर्री पोह्यावर कच्चा कांदा भुरभुरून खाणं मुबाह. पण तोच खाऊन तोंड न धुता जुम्याला मशिदीत जाऊन बसणं मकरूह, हदीस आहे कच्चा लसूण-कांदा खाल्लेल्यानं आमच्या मशिदीजवळ येऊ नये म्हणून. आमच्या सफमध्ये (नमाजच्या रांगेत) दर शुक्रवारी एक तरी असतोच.

जाफरनगरची_ताई:
सगळे भाऊ लोक उसूल सांगून राहिले, मी जरा घरातलं सांगते. आमच्याकडे ही उतरंड लोकांनी उलटी करून टाकली आहे. अकीका, म्हणजे बाळ जन्मल्यावर सातव्या दिवशीची कुर्बानी, मुलाला दोन बकरे मुलीला एक, हनफींमध्ये मुस्तहब. ऐपत नसेल तर नका करू, काहीच गुन्हा नाही. पण आमच्या गल्लीत लोक व्याजानं पैसे काढून हॉल बुक करून अकीका करतात. आता बघा, मुस्तहब करायला हराम केलं, कारण व्याज तर हराम. वलीमा, म्हणजे लग्नानंतर नवऱ्याकडचं जेवण, सुन्नत, एक बकरा कापून का होईना दे असं पैगंबर साहेबांनी आपल्या एका साहाबींना (सोबत्यांना) सांगितलं होतं, म्हणजे जेवढं जमेल तेवढं. आमच्याकडे वलीम्यात पाच प्रकारचे गोड पदार्थ नसले तर नाक कापलं जातं.

अन् जे खरोखर बंधनकारक, मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, त्याचं काय? माझ्या ओळखीतल्या एका बाईचं सांगते, नाव नाही घेत. लग्नाच्या पहिल्या रात्री नवरा म्हणे मेहर माफ कर ना. नवीन नवरी काय बोलणार, माफ केली. त्याच माणसानं चार वर्षांनी पोराच्या अकीक्याला अख्ख्या मोहल्ल्याला जेवण दिलं. मेहर हे कर्ज आहे हो, दाबून माफ करून घेतलेलं माफ होत नाही. जकातीचं तेच, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर राहिली की अडीच टक्के फर्ज, त्याचा हिशोब करायला वेळ नाही, पण बारीक बारीक मुस्तहब गोष्टींवरून सुनेला टोकायला वेळच वेळ. सासूबाई हे वाचणार नाहीत म्हणून लिहून राहिले.

रत्नागिरी_टू_नागपूर:
ताई एकदम बरोबर. आणि सुनेलाच का हो, जावयालाही टोकतात. मी वित्र एक रकात वेगळी पढतो, आमच्यात दोन करून सलाम फेरायचा मग एक, तर सासरे दरवेळी मागून घसा खाकरतात.

महालवाला_पोट्टा:
बाप्पा, एवढं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. दोन्ही दोस्तांना हा धागा पाठवला, दोघं म्हणून राहिले आमचंच बरोबर. आता एक शेवटचं विचारतो. बर्फीवाल्या मॅडमचा निरोप समारंभ शुक्रवारी दुपारी आहे, जेवण आहे, मोमिनपुऱ्याचा म्हणे त्याच दिवशी कजा करतो, एकदाचं सुटतो. मॅडमनी पुन्हा ताट पुढं केलं तर? पुन्हा मोडला तर दोन होतील का?

मोमिनपुरा_लायब्ररी:
दोन नाही होत, एकच राहतो. पण त्याला सांगा शुक्रवार सोडून दे, एकटा शुक्रवार धरून रोजा ठेवायला तशीही नापसंती सांगितली आहे, आणि कजाला अशी घाई नाही. सोमवारी किंवा गुरुवारी ठेव म्हणावं, ते दोन दिवस रोज्यासाठी मुस्तहब आहेत. शुक्रवारी मॅडमसंगं बसून जेव. दावतीला जाणं सुन्नत आहे.

रत्नागिरी_टू_नागपूर:
मेन्यूत कोळंबी असेल तर माझ्याकडे पाठवा.